दिवाळीसाठी नागलीची कुरकुरीत बिस्किटे

नाशिकहून सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सप्तशृंगगडाच्या अलीकडे, दिंडोरी तालुक्यात वणी हे बाजाराचे गाव आहे. एका बाजूस द्राक्षे व टोमॅटो पिकविणारी बागाईत शेती, तर पश्चिमेस व वायव्येस सुरगाणा आणि पेठ तालुक्यांचा डोंगराळ मुलूख अशी या परिसराची ठेवण आहे. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत नागली, वरई, उडीद व खुरासणी ही पिके होतात. कोकणात जिला नाचणी म्हणतात तीच ही नागली. डोंगरातील कुटुंबांची भाकरी वर्षानुवर्षे तिच्यावरच चालत आली आहे.

दिवाळीच्या दिवसांत मात्र एक विसंगती दृष्टीस पडते. शेतकरी नागलीचे पोते बाजारात आणून विकतो आणि त्याच पैशातून मुलांसाठी मैद्याच्या बिस्किटांचे पुडे घरी नेतो. ज्या धान्यात मुलांच्या हाडांना पोषक असा चुना भरपूर आहे ते घराबाहेर जाते आणि ज्यात तो फारच थोडा आहे ते घरात येते. नागलीपासून चांगली, कुरकुरीत व टिकाऊ बिस्किटे घरी किंवा गावच्या भट्टीवर करता आली, तर ही विसंगती काही अंशी दूर होईल. त्याबरोबरच महिला बचत गटांना सणाच्या हंगामात एक लहानसा व्यवसायही मिळेल. या कामात नफ्यापेक्षा नुकसान कोठे होते, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

नागलीत काय आहे

शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजेच चुना, असतो. तितक्याच मैद्यात तो सुमारे २० मिलिग्रॅम, तर गव्हाच्या कणकेत सुमारे ३१ मिलिग्रॅम असतो. नागलीत प्रथिने शेकडा ७ च्या आसपास असतात आणि तंतुमय भागही पुष्कळ असतो. केंद्र शासनाने २०१८ साली नागली, ज्वारी, बाजरी इत्यादी धान्यांना ‘पोषक तृणधान्ये’ असे नाव दिले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून पाळले.

तथापि बिस्किटे म्हणजे औषध नव्हे. पुढे दिलेल्या प्रमाणाने केलेल्या शंभर ग्रॅम बिस्किटांत सुमारे १३० मिलिग्रॅम कॅल्शियम येते. तेच प्रमाण ठेवून केवळ मैद्याची बिस्किटे केली तर ते २० मिलिग्रॅमही भरत नाही. हा फरक मोठा असला, तरी बिस्किटाचा जवळजवळ निम्मा भाग तूप व साखर यांचा असतो हे विसरता कामा नये. सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. चार बिस्किटांतून त्याला सुमारे १०० मिलिग्रॅम मिळेल. उलट शंभर ग्रॅम पिठाच्या नागलीच्या भाकरीतून त्याच्या पोटात ३६४ मिलिग्रॅम जाईल. यास्तव भाकरी सोडून बिस्किटे खावीत असा अर्थ कोणी घेऊ नये. सणाला बिस्किटे खायचीच असतील तर ती मैद्याऐवजी नागलीची असावीत, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

कुरकुरीतपणा कोठून येतो

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले असता त्यात चिवट, रबरासारखे जाळे तयार होते. पोळी लाटताना पीठ ताणले जाते ते या जाळ्यामुळे. नागलीत हे जाळे तयार करणारे द्रव्य नसते, म्हणून नागलीची भाकरी थापावी लागते व ती लवकर तडकते. बिस्किटांच्या दृष्टीने हा दोष नसून गुणच आहे. बिस्कीट चिवट नको असते. ते दाताखाली सहज तुटावयास हवे. परंतु जाळे मुळीच नसेल तर बिस्किटाचा भुगा होतो. म्हणून नागलीबरोबर काही भाग कणकेचा घेतात.

खुसखुशीतपणा व कुरकुरीतपणा हे दोन वेगळे गुण आहेत. तूप पिठाच्या कणाकणाला वेढून पाण्यापासून दूर ठेवते, त्यामुळे बिस्कीट खुसखुशीत होते. कुरकुरीतपणा येतो तो साखर व कोरडेपणा यांमुळे. भट्टीत विरघळलेली साखर थंड होताना घट्ट व ठिसूळ बनते, आणि आतील पाणी निघून गेलेले असले म्हणजे बिस्कीट कट्कन तुटते. गरम बिस्कीट मऊच लागते. ते कुरकुरीत झाले की नाही, याचा निर्णय ते पूर्ण निवल्यावरच करता येतो. गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो, म्हणून सगळा गूळ घातलेली बिस्किटे लवकर सादळतात. गुळाची चव हवी असल्यास साखरेचा एक तृतीयांश भाग गुळाने भरून काढावा, त्याहून अधिक नको.

धान्य निवडणे व दळणे

नागलीच्या बिस्किटांविषयी हमखास येणारी तक्रार म्हणजे दाताखाली लागणारी कच. नागलीचा दाणा मोहरीएवढा असतो आणि मळणी मातीच्या खळ्यावर झाली तर त्याच आकाराचे खडे त्यात मिसळतात. सुपाने पाखडून ते निघत नाहीत, कारण ते जड असतात. त्यासाठी नागली रोळून घ्यावी लागते. रुंद भांड्यात नागली व भरपूर पाणी घेऊन भांडे हळूहळू फिरवावे व वर आलेले दाणे पाण्यासह दुसऱ्या भांड्यात ओतावे. तळाशी राहणारी खर फेकून द्यावी. असे तीन वेळा करावे. मग नागली स्वच्छ कापडावर पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवावी. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. ओलसर दाणा दळला तर पीठ जात्याला किंवा गिरणीच्या दगडाला चिकटते, व पुढे पिठाला कुबट वास येतो.

नागलीची नवी काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. त्यामुळे दिवाळीपूर्वी नवे धान्य हाती येईलच असे नाही. त्याची काळजी करण्याचे कारण नाही. नागलीला कीड फारशी लागत नाही व कोरड्या जागी ती दीर्घकाळ टिकते. गेल्या वर्षीची नागली बिस्किटांना चांगली चालते. पीठ मात्र ताजे हवे.

दळण बारीक असावे; गरज वाटल्यास दोनदा दळावे. पीठ मैद्यासारखे पांढरे दिसावे म्हणून वस्त्रगाळ करण्याचा मोह टाळावा. नागलीच्या लाल सालीतच चुन्याचा व तंतुमय द्रव्याचा मोठा वाटा असतो. नेहमीच्या पिठाच्या चाळणीने एकदा चाळणे पुरे. नंतर पीठ जाड बुडाच्या कढईत मंद विस्तवावर, सतत हलवीत, खमंग वास येईपर्यंत भाजून घ्यावे व पूर्ण थंड होऊ द्यावे. यामुळे कच्चट वास जातो व पिठातील ओलही उडते.

नागलीला मोड आणल्यास ती पचनास अधिक हलकी होते. त्यासाठी धान्य रात्रभर भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधून ठेवावे. एक-दोन दिवसांत मोड दिसू लागताच उन्हात वाळवून व मोड चोळून काढून ते मंद भाजावे व दळावे. मोडाच्या पिठात काही पिठूळ भागाची साखर झालेली असते, त्यामुळे बिस्कीट लवकर करपते आणि गोळा चिकट होतो. म्हणून एकूण नागलीच्या पिठात मोडाचे पीठ पाव हिश्श्याहून अधिक घेऊ नये.

साहित्य

सुमारे शंभर बिस्किटांसाठी पुढील प्रमाण घ्यावे : नागलीचे भाजलेले पीठ ६०० ग्रॅम, बारीक कणीक ४०० ग्रॅम, थिजलेले साजूक तूप ५०० ग्रॅम, पिठीसाखर ४५० ग्रॅम, दूध सुमारे १२० मिलिलिटर, बेकिंग पावडर १० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम आणि चवीपुरती वेलदोड्याची पूड. वरून लावण्यासाठी थोडे तीळ किंवा भाजलेली खुरासणी चालेल.

सर्व जिन्नस वजनाने घ्यावेत. वाटीच्या मापाने दर वेळी पीठ कमीजास्त भरते व एका घाण्यासारखा दुसरा घाणा होत नाही. घरी हे चालून जाते. विक्रीसाठी मात्र चालत नाही. साजूक तुपाऐवजी वनस्पती तूप वापरावयाचे झाल्यास ते मान्यताप्राप्त व मोहोरबंद डब्यातीलच घ्यावे. वनस्पती तुपासारख्या पदार्थांत हृदयास अपायकारक अशा ‘ट्रान्स’ प्रकारच्या स्निग्ध द्रव्याचे प्रमाण शेकडा २ पेक्षा अधिक असू नये, असा नियम जानेवारी २०२२ पासून देशात लागू झाला आहे. सुटे व स्वस्त तूप घेणे धोक्याचे आहे.

कृती

परातीत तूप व पिठीसाखर घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसावे. मिश्रण पांढरट, हलके व दुप्पट फुगल्यासारखे दिसेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटे, हे काम करावे. फेसताना तुपात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि भट्टीत तेच बिस्किटाला हलकेपणा आणतात. तूप पातळ केलेले असेल तर हवा धरली जात नाही व बिस्किटे पसरतात; म्हणून तूप थिजलेलेच असावे.

नागलीचे पीठ, कणीक, बेकिंग पावडर व मीठ एकत्र करून दोनदा चाळावे आणि फेसलेल्या तुपात थोडे थोडे मिसळावे. शेवटी वेलदोड्याची पूड व लागेल तेवढे दूध घालून गोळा जमवावा. येथे एक पथ्य पाळावे : गोळा पोळीच्या कणकेसारखा तिंबू नये. तिंबल्याने कणकेतील चिवट जाळे वाढते व बिस्कीट कडक होते. नागलीचे पीठ पाणी सावकाश शोषते, म्हणून गोळा ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावा. तसे न केल्यास बिस्किटांना कडेने चिरा पडतात.

अर्ध्या तासाने गोळ्याचे वीस-वीस ग्रॅमचे भाग करून, हाताने वळून व चपटे दाबून पत्र्यावर ठेवावेत. जाडी सर्वांची सारखी, साधारण अर्धा सेंटिमीटर असावी. जाड बिस्कीट आत ओलसर राहते, तर पातळ करपते, आणि दोन्ही एकाच पत्र्यावर असली तर दोहोंचेही नुकसान होते. दोन बिस्किटांत दोन बोटांचे अंतर ठेवावे.

भट्टीवर व घरी भाजणे

दिवाळीच्या सुमारास घरचे साहित्य घेऊन गावच्या भट्टीवर बिस्किटे भाजून आणण्याची चाल नाशिक जिल्ह्यात व अन्यत्रही आहे. लाकडावर चालणाऱ्या भट्टीत पाव आधी, भर तापात भाजले जातात. बिस्किटांना उतरता ताप लागतो. भट्टीवाल्याला नागलीचे पीठ आहे हे आधीच सांगून पावानंतरची वेळ मागून घ्यावी. विजेच्या किंवा गॅसच्या भट्टीत १६० ते १७० अंश सेल्सिअस ताप ठेवावा. त्या तापात बिस्किटे अठरा ते वीस मिनिटांत भाजून होतात.

नागलीच्या बिस्किटांत खरी अडचण येते ती रंगाची. मैद्याचे बिस्कीट बदामी झाले की भट्टीवाला पत्रा ओढतो. नागलीचे बिस्कीट कच्चे असतानाच तपकिरी दिसते, त्यामुळे रंगावरून अंदाज चुकतो. काही घाणे कच्चे निघतात, काही करपतात, आणि दोष नागलीच्या माथी मारला जातो. म्हणून रंगावर विसंबू नये. बिस्किटाची कड घट्ट झाली, खालची बाजू कोरडी लागली व खमंग वास सुटला म्हणजे ते झाले असे समजावे. पहिल्या पत्र्यापूर्वी चार बिस्किटे चाचणीसाठी भाजावीत, ती पूर्ण निवू द्यावीत आणि एक मोडून पाहावे. मधोमध गडद, ओलसर रेघ दिसल्यास आणखी दोन-तीन मिनिटे द्यावीत. चाचणीत अर्धा तास जातो, परंतु संपूर्ण घाणा वाचतो.

भट्टी जवळ नसेल तर जाड पातेल्यात दोन बोटे कोरडी वाळू घालून, त्यावर तिवई व तिवईवर बिस्किटांची ताटली ठेवावी. पातेले आधी दहा-पंधरा मिनिटे तापवून घ्यावे, घट्ट झाकण ठेवावे व झाकणावर थोडे निखारे पसरावेत. खाली मंद विस्तव असावा. एका वेळी आठ-दहाच बिस्किटे होतात, पण घरच्या सणापुरते एवढे पुरे.

बिघाड व त्यावरील उपाय

बिस्किटे पत्र्यावर पसरली, तर तूप पातळ होते किंवा ताप कमी होता असे समजावे. हातात घेताच भुगा होत असेल, तर कणीक कमी पडली किंवा गोळ्याला विश्रांती मिळाली नाही. कडक झाली, तर गोळा फार मळला गेला किंवा तूप कमी पडले. साबणासारखी चव लागली, तर सोडा किंवा बेकिंग पावडर अधिक झाली. बेकिंग पावडर जुनी असल्यास बिस्किटे बसकी होतात. चिमूटभर पावडर कढत पाण्यात टाकून ती जोराने फसफसते की नाही हे आधी पाहावे.

बिस्किटे नुसतीच मऊ पडली असतील, तर ती फेकण्याचे कारण नाही. १२० अंशांच्या मंद तापात दहा मिनिटे पुन्हा ठेवून पूर्ण निवविल्यास ती बहुधा कुरकुरीत होतात. खवट वास आलेली बिस्किटे मात्र कोणत्याही उपायाने सुधारत नाहीत. ती मुलांना देऊ नयेत व विकूही नयेत.

साठवण

चांगली झालेली बिस्किटे बिघडतात ती बहुतेक डबा भरण्याच्या घाईमुळे. कोमट बिस्किटे डब्यात भरली की त्यांची वाफ झाकणाला लागते आणि तेच पाणी पुन्हा बिस्किटांत मुरते. म्हणून ती जाळीवर किंवा स्वच्छ कापडावर पसरून किमान दोन तास निवू द्यावीत. दिवाळी लवकर आलेल्या वर्षी परतीच्या पावसाने हवा दमट असते. तेव्हा बिस्किटे निवताच, उघडी न ठेवता, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावीत. डबा चुलीपासून व उन्हापासून दूर ठेवावा. लाडू, करंज्या यांच्या डब्यात बिस्किटे एकत्र ठेवू नयेत. त्यांचा ओलावा बिस्किटे ओढून घेतात. रोज लागणारी बिस्किटे लहान डब्यात काढून मोठा डबा बंद ठेवावा.

विक्रीचा हिशेब

नवरात्रात व कोजागरीच्या यात्रेत सप्तशृंगगडावर जाणाऱ्या भाविकांची वणीत गर्दी असते व पाठोपाठ दिवाळी येते. हा काळ विक्रीस अनुकूल आहे. परंतु व्यवसायात उतरण्यापूर्वी गटाने पुढील हिशेब मांडून पाहावा.

२०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र शासनाने नागलीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये ठरविली होती. या दराने वरच्या प्रमाणातील ६०० ग्रॅम नागलीची किंमत तीस रुपयांच्या आत येते. त्यातून सुमारे १ किलो ९०० ग्रॅम बिस्किटे होतात. म्हणजे खर्चाचा मोठा भार नागलीचा नसून तुपाचा आहे. घाणा करपला तर नागली गेली असे वाटते. प्रत्यक्षात अर्धा किलो तूप गेलेले असते. याच कारणाने चाचणीचा अर्धा तास वाया गेला असे कधीही समजू नये.

दुसरी गोष्ट अशी की एक क्विंटल नागली बिस्किटांत घालावयाची तर सुमारे तीनशे किलो बिस्किटे विकावी लागतील. एका गावाच्या बाजारात एवढी विक्री दोन-तीन आठवड्यांत होणे कठीण आहे. म्हणून गटाने आपली सर्व नागली बिस्किटांसाठी राखून ठेवू नये. आधी घरच्या व शेजारच्या मागणीपुरती बिस्किटे करावीत, नोंदवून घेतलेल्या मागणीवर दुसरा घाणा घालावा आणि उरलेले धान्य नेहमीच्या रीतीने भाकरीसाठी ठेवावे किंवा विकावे. हिशेबात तूप, साखर, कणीक, दूध, सरपण किंवा भट्टीची मजुरी, पुडे, वाहतूक व फुटलेली बिस्किटे हे सर्व धरावे. गटातील स्त्रियांच्या श्रमाची मजुरी प्रथम लिहावी, शेवटी नव्हे. ती वगळून दिसणारा नफा हा खरा नफा नव्हे.

खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये लहान उत्पादकांनाही नोंदणी करावी लागते. पुड्यावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख व नोंदणी क्रमांक छापावा. त्यावर खोटे दावे मुळीच नसावेत. या बिस्किटांत कणीक आहे. ज्यांना गहू सोसत नाही त्यांना ती चालणार नाहीत. त्यांत साखर आहे. मधुमेही माणसास ती ‘पथ्याची’ म्हणून विकणे हा त्याच्या जिवाशी खेळ होय. साखरेऐवजी गूळ घातला तरी हे बदलत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दिवाळीच्या महिनाभर आधी एखाद्या पाड्यावर किंवा अंगणवाडीत प्रात्यक्षिक घ्यावे. प्रात्यक्षिकासाठी नागली त्याच गावची घ्यावी व ती रोळण्यापासून सर्व काम गावातील स्त्रियांच्या हातून करून घ्यावे. स्वतः करून दाखविण्याचा मोह आवरावा. एक घाणा मुद्दाम दोन वेळी बाहेर काढावा. काही बिस्किटे वेळेआधी व काही पूर्ण भाजून काढावीत आणि निवल्यावर दोन्ही सर्वांना मोडून पाहावयास द्यावीत. रंगाने फसगत कशी होते हे त्यावरून पटते तसे भाषणाने पटत नाही. प्रात्यक्षिकाच्या अखेरीस त्याच पिठाच्या भाकरीचेही महत्त्व सांगण्यास विसरू नये.

वसुबारसेला, जिला डोंगरातील वस्त्यांवर वाघबारस म्हणून पाळतात, दिवाळीचा आरंभ होतो. त्या दिवशी फराळाच्या ताटात घरच्या नागलीचे बिस्कीट असले, तर आपल्या शेतातले धान्य हे केवळ गरिबीचे अन्न नव्हे, हे मुलांना न सांगता कळेल. त्यासाठी लागणारे साहित्य थोडे आहे आणि कौशल्यही अवघड नाही. धान्य रोळण्याचा कंटाळा, रंगावर विसंबणे आणि डबा भरण्याची घाई, या तीन गोष्टी टाळल्या म्हणजे निम्म्याहून अधिक यश पदरी पडले असे समजावे.